जळगावला बदली, मुलगी पहिलीत: शाळा कशी ठरवायची?

केतकीची_आई
नमस्कार मंडळी. नवऱ्याची बँकेत बदली झालीय, जूनच्या आत हैद्राबादहून जळगावला यायचंय. माझं माहेर नाशिकचं, सासर पारोळ्याकडचं, त्यामुळे खान्देश अगदीच परका नाही, पण सासरी चार दिवस जाऊन भरीत-पुरी खाऊन येणं वेगळं आणि तिथे बिऱ्हाड मांडणं वेगळं. लेकीचं यूकेजी संपलं, येत्या नोव्हेंबरात सहा पूर्ण होतील. घरी मराठी बोलते, खाली खेळायला गेली की तेलुगू, शाळेत इंग्रजी. मराठी वाचता मात्र येत नाही अजून.

मागच्या आठवड्यात दोघं येऊन काही शाळा बघून गेलो आणि डोकं जास्तच फिरलं. एका ठिकाणी काचेचं रिसेप्शन, माशांची टाकी, सोफा, आणि वर्ग बघू द्या म्हटलं तर "मॅडम वर्ग दाखवत नाही आम्ही, व्हिडिओ बघा". दुसरीकडे मुलीची टेस्ट आणि आमच्या दोघांचा इंटरव्ह्यू. तिसऱ्या शाळेत हेडबाई अगदी मोकळेपणाने बोलल्या पण इमारत जुनी आणि वरच्या मजल्यावर पत्रे. सीबीएसई घ्यावी की स्टेट बोर्ड, पूर्ण इंग्रजी की सेमी, आणि मुख्य म्हणजे घर बघून शाळा की शाळा बघून घर? घर महाबळला किंवा पिंप्राळ्याला बघतोय, अजून कुठे ॲडव्हान्स दिलेला नाही. शाळांची नावं इथे नकोत, ती व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पण तुम्ही कशी निवडलीत ते इथेच सांगा.

खान्देशी_ठेचा
आधी कूलर निवडा. शाळेचं जूनमध्ये बघू.

रिंगरोडकर
ठेचा हसण्यावारी नेतोय पण खरंच पहिला प्रश्न उन्हाचा आहे. सीबीएसईच्या बऱ्याच शाळांचं वर्ष एप्रिलातच सुरू होतं. म्हणजे नवीन दप्तर, नवीन बूट आणि बाहेर ४२-४३ डिग्री. स्टेट बोर्डाची मुलं तेव्हा परीक्षा देऊन मामाकडे निघालेली असतात. त्यात गंमत म्हणजे विदर्भात ऊन जास्त म्हणून जूनमध्ये शाळा उशिरा भरवतात आणि आमचं जळगाव-भुसावळ मे महिन्यात पंचेचाळीशी पार करून सुद्धा पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकात. म्हणून पत्र्याचा वर्ग कुणाच्या वाट्याला येतो ते आधी विचारा. पहिलीचा वर्ग कुठल्या मजल्यावर, वर स्लॅब आहे की पत्रा, पंखे किती आणि लाईट गेली तर काय, पिण्याच्या पाण्याची टाकी उन्हात आहे का. हे विचारायला लाजू नका. माझ्या पोराच्या पहिल्या शाळेत स्मार्ट बोर्ड होता आणि पंखा एकच, तोही बाईंच्या डोक्यावर.

पुणेरी_पाहुणा
जळगावात चांगल्या शाळा आहेत का पण? सहज विचारतोय.

खान्देशी_ठेचा
नाही हो, आम्ही सगळे केळीच्या बागेत बसून धुळाक्षरं गिरवतो. सहज सांगतोय.

जुना_मास्तर
ताई, मी अमळनेर तालुक्यात बत्तीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झालो, खाजगी अनुदानित संस्थेत. तुमच्या पोस्टमधल्या दुसऱ्या शाळेबद्दल आधी बोलतो कारण ते कायद्याचं आहे. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १३ वाचा. प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायची नाही, डोनेशन घ्यायचं नाही. चाळणी लावली तर पहिल्या वेळेस २५ हजारापर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळेस ५० हजारापर्यंत. डोनेशन घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू नाही, २०१४ साली सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिलाय, तेवढं लक्षात ठेवा नाहीतर तिथे जाऊन भांडाल. बाकी शाळा "टेस्ट नाही हो, नुसतं इंटरॲक्शन" म्हणतात. पोरगी लाजून गप्प बसली आणि त्यावरून प्रवेश अडवला तर ती टेस्टच झाली, नाव काही ठेवा.

आता वयाचं. आपल्या राज्यात पहिलीला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण लागतात. नोव्हेंबरचा जन्म म्हणजे तुमची मुलगी बसते. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्चला सहा पूर्ण हवीत, तिथे नाही बसणार. काही खाजगी सीबीएसई शाळा पण आपापली तारीख सांगतात, म्हणून फॉर्मचे पैसे भरायच्या आधी हे एक वाक्य विचारून घ्या. आणि बसते म्हणून बसवायलाच पाहिजे असं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरची मुलं वर्गात सगळ्यात लहान असतात, दुसरीपर्यंत त्यांची बोटं पेन्सिलीवर वळत नाहीत आणि बाई "लक्ष देत नाही" असा शेरा मारून मोकळ्या होतात. मी हे फार बघितलंय.

लेवापाटलीण
मास्तरांना +१. माझा डिसेंबरचा. आम्ही एक वर्ष थांबवला, नातेवाईकांनी वर्ष वाया वर्ष वाया करून जीव खाल्ला. आता चौथीत आहे आणि मजेत आहे.

धुळ्याचा_पप्पू
नाव आमचं पप्पू पण ह्यात फसलेले लई हुशार लोक पाहिले. 'सीबीएसई पॅटर्न' असं लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबा ना भो. पॅटर्न म्हणजे पुस्तकं त्या पद्धतीची, संलग्नता नाही. पोरगं लहान असतं तोवर काही कळत नाही, आठवी-नववीला संस्थावाले सांगतात की बोर्डाचा फॉर्म दुसऱ्या शाळेतून भरू नाहीतर स्टेटला टाकू. आमच्या धुळ्यात माझ्या साडूच्या मुलीचं हेच झालं, शाळेचं नाव घेत नाही. सीबीएसईच्या सारस पोर्टलवर शाळेचं नाव टाकलं की संलग्नता आहे का, कितवीपर्यंत, कोणत्या सालापर्यंत, सगळं दिसतं. दोन मिनिटाचं काम. नवीन शाळा असेल तर निदान राज्याची मान्यता आणि यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, तरी मागा. ११ आकडी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, जळगाव जिल्ह्याचा २७०३. नंबर सांगायला ऑफिसात टाळाटाळ केली तर चप्पल घालून बाहेर.

रेल्वे_क्वार्टर
भुसावळवाला. वडील रेल्वेत, मी पण रेल्वेत, म्हणजे बदल्या रक्तात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर शाळेपेक्षा तुमच्या मिस्टरांच्या बँकेत आहे. तीन-चार वर्षांनी परत उचलून दुसऱ्या राज्यात टाकणार असतील तर डोळे झाकून सीबीएसई, कारण मध्येच बोर्ड बदललं की पोरांचे हाल होतात, मी स्वतः चौथी मराठी, पाचवी इंग्रजी, सातवी परत सेमी असा प्रवास केलेला माणूस आहे. आणि पाच-सात वर्षं इथेच राहणार असाल तर बोर्डाचं टेन्शन पाचवीपर्यंत घेऊच नका. सहा वर्षांच्या पोरीला बाई कोण मिळते त्यावर सगळं.

नंदुरबारी_मिरची
"बाई कोण मिळते" हे खरंय, पण ते आधी कसं कळणार? प्रॉस्पेक्टसमध्ये बाईंचा फोटो नसतो, संस्थापकांचे मात्र चार असतात. मी वेगळी युक्ती केली होती. शाळा सुटायच्या वेळेला गेटवर जाऊन उभी राहिले, दोन-तीन दिवस. न्यायला आलेल्या आज्या सगळं सांगतात. कोणत्या बाई सोडून गेल्या, कोणाला पगार वेळेवर मिळत नाही, कोण मारतं. सर्वात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे "मागच्या वर्षीच्या बाई ह्या वर्षी आहेत का?" ज्या शाळेत दर दिवाळीनंतर बाई बदलते तिथे पगार तुटपुंजा असतो, बाकी कारण नसतं.

पारोळेकर
बहीन, सासर पारोळानं शे म्हन्तंस म्हनीसन हक्कथीन सांगस. मन्हा दोन्ही पोरे मराठी शाळामा शिकनात. आते एक पुण्याले शे, एक सुरतले. काही बिघडनं नही. इंग्रजी शाळाले नावं ठेवस नही, पन घरमा आजीसंगे बोलता उनं पायजे ना पोरले.

पुणेरी_पाहुणा
मराठी माध्यमाची वकिली करणाऱ्यांची नातवंडं कुठे शिकतात हा एक स्वतंत्र धागा काढायला हवा.

पारोळेकर
नातू सुरतले शे, गुजराती बोलस, इंग्रजी बोलस, मन्हासंगे अहिरानी बोलस. काढा धागा.

केतकीची_आई
सगळ्यांचे खूप आभार, मास्तरांचं पोस्ट तर नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. पारोळेकर काका, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या हसतायत. बदलीचं विचाराल तर तीन वर्षं म्हणतात पण लांबू शकते, त्यामुळे नवऱ्याचा कल सीबीएसईकडे. माझा नक्की नाही. मला त्या जुन्या इमारतीतल्या हेडबाई डोक्यातून जात नाहीयेत (स्टेट बोर्ड, इंग्रजी माध्यम). आणि तिला मराठी वाचता येत नाही त्याचं काय? सगळे वर्गात मराठीत पुढे असतील.

जुना_मास्तर
असणार नाहीत, इंग्रजी माध्यमातली मराठी मुलं सुद्धा पहिलीत मराठी वाचत नसतात. आणि आता बोर्ड कोणतंही घेतलं तरी मराठी सुटत नाही. २०२० चा कायदा आहे, राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं, टाळणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड. ते किती मनापासून शिकवतात हे मात्र शाळेवर. तुम्ही दुसरी-तिसरीच्या मुलांच्या मराठीच्या वह्या बघायला मागा. सगळ्या वह्यांत एकसारखी दहा वाक्यं असतील तर फळ्यावरून उतरवून घेतलीत. एखाद्या वहीत "माझी म्हैस व्याली" असं काही सापडलं तर तिथे बाई चांगली आहे. तुमच्या लेकीला सुट्टीत रोज पंधरा मिनिटं बाराखडी द्या, तेलुगू बोलणाऱ्या पोरीला मराठी काय जड आहे.

लेवापाटलीण
वह्या राहू द्या, डब्याचं कोणी बोलत नाहीये! आमच्या पहिल्या शाळेत टिफिन चार्ट होता. सोमवार पास्ता, मंगळवार सँडविच, बुधवार "फ्रूट्स अँड स्प्राउट्स". माझ्या पोराने कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेली तर डायरीत नोट, "काइंडली फॉलो द चार्ट". अहो ज्या जिल्ह्यात केळी पिकते तिथे फ्रूट म्हणून पोरं किवी घेऊन यायची. मी शेवटी नोटच्या खाली लिहून पाठवलं की उडीद-ज्वारीची भाकरी ही पास्त्याची मावशी आहे.

खान्देशी_ठेचा
मी गुरुवारी शेवभाजी लिहिलेला चार्ट असेल त्या शाळेत ह्या वयात पण ॲडमिशन घेईन.

नंदुरबारी_मिरची
डब्यात शेवभाजी? दप्तराचा विचार करा जरा. आमच्याकडे एकदा तर्री थेट गणिताच्या वहीत उतरली होती.

सीए_भाऊ
धागा स्वयंपाकघरात जायच्या आत फीबद्दल लिहितो. महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या फीचा कायदा २०११ चा आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, त्यातले पालक सोडत काढून निवडतात, आणि फी त्या समितीने मान्य करावी लागते. ठरलेली फी दोन वर्षं बांधील. व्यवहारात सोडत कधी झाली हे कोणालाच ठाऊक नसतं आणि समितीत संस्थाचालकांचा भाचा असतो. तरी ऑफिसात जाऊन "पालक समितीची यादी नोटीस बोर्डवर कुठे लावलीय?" एवढंच विचारा. ज्या शाळेत लगेच बोट दाखवतात तिथे पैशाचा हिशोब सहसा बरा असतो, हा माझा अनुभव. दुसरं म्हणजे ट्यूशन फी कमी सांगून बाकीचं टर्म फी, ॲक्टिव्हिटी, डिजिटल, गॅदरिंगचा ड्रेस ह्यात काढतात. पहिलीची नको, चौथीत असलेल्या एखाद्या पालकाकडून गेल्या वर्षभराच्या सगळ्या पावत्या बघा. बेरीज स्वतः करा.

पुणेरी_पाहुणा
फीपेक्षा मुलांचा ग्रुप कसा आहे ते बघावं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातल्या गरीब-वंचित मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांमुळे वर्गाचा दर्जा खाली येतो असं बरेच पालक खाजगीत म्हणतात. मी म्हणत नाहीये, लोक म्हणतात.

धुळ्याचा_पप्पू
लोकांच्या खांद्यावर बंदूक ठेवू नका ना भो.

रेल्वे_क्वार्टर
माझ्या मुलीची वर्गमैत्रीण आरटीईतून आलेली. वडील हातगाडीवर भाजी विकतात. पाढ्यांत माझी पोरगी तिच्याकडून शिकते, कारण ती संध्याकाळी गाडीवर सुट्टे मोजते. दर्जा खाली आला की वर गेला तुम्हीच ठरवा. फरक पडतो तो शाळा त्या मुलांना कसं वागवते त्याने. एका शाळेत त्यांना सहलीला नेत नव्हते, "फी भरलेली नाही" म्हणून. ते ऐकून आम्ही ती शाळा यादीतून काढली, आमची मुलगी त्या कोट्यातली नसताना.

जुना_मास्तर
सोडत ऑनलाईन असते, पालकांनी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायला किती हेलपाटे घातलेले असतात ते विचारा कधी. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून जवळ सरकारी शाळा असलेल्या खाजगी शाळांना यातून मोकळं केलं होतं, त्याच वर्षी जुलैत हायकोर्टाने ते रद्द केलं. बरं झालं. साने गुरुजी १९२४ ते ३० आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते, तिथलं छात्रालय सांभाळायचे, पोरांचे कपडे सुद्धा धुवायचे म्हणतात. त्या गावचा मास्तर म्हणून ह्या विषयावर मला शांत बसता येत नाही, माफ करा.

पुणेरी_पाहुणा
ठीक आहे मास्तर, मुद्दा पटला. रेल्वे_क्वार्टर यांचा जास्त.

रिंगरोडकर
मूळ प्रश्न राहिला की घर आधी की शाळा. शाळा आधी, आणि घर तिच्या जवळ. आणि जवळ म्हणजे हायवे न ओलांडता. आपला हायवे गावाच्या मधून गेलाय, ट्रक आणि शाळेच्या रिक्षा एकाच चौकात. महाबळला घर आणि पिंप्राळ्याकडे शाळा असं केलंत तर नकाशावर काही वाटत नाही पण दुपारी सुट्टी झाली की पोरगी उन्हात सगळं गाव फिरून घरी येते, कारण बसवाला आधी बाकीच्यांना सोडतो. बसचा रूट विचाराल तेव्हा अंतर विचारू नका, "माझ्या मुलीच्या आधी किती स्टॉप" ते विचारा. २०११ च्या राज्याच्या स्कूल बस नियमांप्रमाणे बसमध्ये महिला मदतनीस पाहिजे आणि शाळेत परिवहन समिती पाहिजे. मदतनीस मावशी फक्त तपासणीच्या दिवशी दिसत असेल तर गेटवरच्या आज्या तेही सांगतील.

सीए_भाऊ
शाळा वाईट निघाली तर? घर तिच्या शेजारी घेऊन बसले तर अडकले ना. भाड्याचं असेल तर ठीक, विकत घेताना शाळेवरून ठरवू नये.

रिंगरोडकर
बँकवाले आहेत, भाड्यानेच घेतील. नाहीतर क्वार्टर.

नंदुरबारी_मिरची
सेमीबद्दल कोणी बोललंच नाही. पहिलीपासून गणित इंग्रजीत, बाकी मराठीत. ज्यांचं इथेच राहायचं पक्कं आहे त्यांच्यासाठी मला सगळ्यात उत्तम वाटतं. माझी दोन्ही मुलं सेमीची. पण केतकीची आई, तीन वर्षांनी तुम्ही चेन्नई किंवा भोपाळला गेलात तर तिचा परिसर अभ्यास मराठीतला, तिथे परत पहिल्यापासून. त्यामुळे तुम्हाला नाही सुचवणार.

केतकीची_आई
परत येऊन गेलो, ह्यावेळी लेकीला घेऊन. मिरचीताई, गेटवर उभी राहिले. तुमच्या त्या आज्या म्हणजे चालतंबोलतं माहिती कार्यालय आहे. एकीने तर माझं सासर, गोत्र, भाऊबंद सगळं काढून पारोळ्याचं नातं लावून दाखवलं, मग शाळेचं सांगितलं.

काचेच्या रिसेप्शनवाल्यांचं सारसवर नावच सापडलं नाही. पप्पूभाऊ, धन्यवाद. इंटरव्ह्यूवाल्यांना नवऱ्याने कलम १३ बद्दल अगदी गोड आवाजात विचारलं तर लगेच "नाही नाही, ऑप्शनल आहे" झालं. ती शाळा सीबीएसईची आहे आणि संलग्नता पण खरी आहे, पण हायवेच्या पलीकडे आणि आमच्या आधी नऊ स्टॉप. जुन्या इमारतीत हेडबाईंनी पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर बसू दिलं. खाली आहे वर्ग, स्लॅबचा, पत्रे फक्त वरच्या हॉलला. बाई तिथे सात वर्षांपासून आहेत. एका मुलाने वहीत लिहिलं होतं "आमच्या घरी विहीर आहे तिच्यात कासव आहे", मास्तर, मी लगेच तुमची आठवण काढली. पालक समितीची यादी नोटीस बोर्डवर होती, दोन वर्षांपूर्वीची.

नवरा अजून बदलीवरून कुरकुरतोय. मी म्हटलं तीन वर्षांनी ती चौथीत जाईल, तेव्हा बदलू बोर्ड. तो म्हणतो तुझं ते रेल्वे क्वार्टरवाले काय म्हणाले ते विसरलीस का. आज फॉर्म तरी आणलाय. महाबळकडचं घर भाड्याने बघितलंय, चालत जाता येईल एवढं.

रेल्वे_क्वार्टर
मी पाचवीपर्यंत टेन्शन नको असं पण म्हणालो होतो, ते पण वाचून दाखवा त्यांना.

सीए_भाऊ
दोन वर्षांपूर्वीची यादी म्हणजे निदान एकदा तरी सोडत झाली होती. जळगावच्या मानाने उत्तम.

जुना_मास्तर
हैद्राबादच्या शाळेतून निघायच्या आधी दाखला आणि पेन नंबर (विद्यार्थ्याचा कायमचा शिक्षण क्रमांक) दोन्ही घ्या. यूकेजीच्या मुलांचाही यूडायसमध्ये पेन काढलेला असू शकतो. तिथल्या शाळेने तिला ऑनलाईन सोडलं नाही तर इथल्या क्लार्कला नाव ओढून घेता येत नाही आणि मग तो दिवाळीपर्यंत तुम्हालाच फोन करत बसतो. जन्मदाखल्यावरचं स्पेलिंग आणि आधारवरचं स्पेलिंग एकच आहे ना तेही बघा.

केतकीची_आई
नाहीये. एकावर डबल ई आहे, एकावर आय.

खान्देशी_ठेचा
झालं. आता कूलरसोबत सेतू केंद्राचा पत्ता पण व्यनि करतो.